गोंगाटाची जागा कोण भरणार? बॉब मोल्डच्या ‘वर्कबुक’चं प्रकरण

‘वर्कबुक’ सुरू होतो तेव्हा एकच अकूस्टिक गिटार वाजत असते. बोटांनी छेडलेली, सावकाश, मध्येच थबकून पुढे जाणारी. शब्द नाहीत, ढोल नाहीत. ‘सनस्पॉट्स’ नावाचा हा दोनेक मिनिटांचा तुकडा ऐकताना, ज्याने आधी हूस्कर डू हा पंक बँड ऐकलाय त्याला हमखास वाटतं की भलतीच कॅसेट लागली. कारण वाजवणारा माणूस त्याच बँडचा अमेरिकन गिटारवादक-गायक बॉब मोल्ड आहे आणि या माणसाच्या गिटारने आधीची आठ वर्षं कानठळ्या बसवण्याचंच काम केलेलं आहे.

1989 साली आलेला हा मोल्डचा पहिला एकट्याचा अल्बम. पंकमधून, म्हणजे वेगवान, कर्कश रॉकमधून, आलेल्या गायक-गीतकारांचे असे पहिले अल्बम पुष्कळ आहेत. बँड फुटतो, गाणारा बाहेर पडतो, हातात अकूस्टिक गिटार घेतो आणि लोक म्हणतात, ‘वयात आला’. मला हे कौतुक कधीच पटलेलं नाही. आवाज कमी केला म्हणून कुणी शहाणा होत नाही. ‘वर्कबुक’ चांगला का झाला याचं उत्तर मला त्याच्या हळुवारपणात सापडत नाही. ते सापडतं एका अगदी कारागिरीच्या प्रश्नात: गोंगाट काढून घेतला, तर तो जे काम करत होता ते आता कोण करणार? मोल्डने हा प्रश्न स्वतःला नीट विचारला होता, असं अल्बम ऐकताना पदोपदी जाणवतं. म्हणून हे प्रकरण मुळापासून बघू.

आधीचा संसार

मोल्डचा जन्म 1960 चा, न्यूयॉर्क राज्याच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या मलोन या लहान गावातला. वडील जुकबॉक्समधून काढून टाकलेल्या जुन्या तबकड्या कवडीमोलाने घरी आणायचे आणि पोरगा त्या ऐकत बसायचा. साठच्या दशकातली तीन-तीन मिनिटांची गोड, घट्ट बांधणीची पॉप गाणी अशी त्याच्या कानात लहानपणीच मुरली. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. सोळाव्या वर्षी त्याने रामोन्स हा पंक बँड ऐकला आणि गिटार हातात घेतली. 1978 साली तो मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात मॅकॅलिस्टर कॉलेजात शिकायला आला. तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा ग्रँट हार्ट त्याला भेटला. ग्रँट ड्रम वाजवायचा. ग्रेग नॉर्टन बास गिटारवर आला आणि 1979 मध्ये तिघांचा बँड उभा राहिला. हूस्कर डू हे नाव घेतलं एका स्कँडिनेव्हियन बैठ्या खेळाचं. त्या नावाचा अर्थ ‘आठवतंय का तुला?’ असा होतो.

सुरुवातीला त्यांची ओळख होती ती फक्त वेगाची. ‘लँड स्पीड रेकॉर्ड’ हा त्यांचा पहिला अल्बम मिनिआपोलिसच्या एका छोट्या क्लबात थेट प्रयोगातच टेप केलेला आहे. सव्वीस-सत्तावीस मिनिटांत 17 गाणी. ऐकताना धाप लागते. पण 1984 चा ‘झेन आर्केड’ येईपर्यंत त्याच वेगाच्या पोटात चाली दिसायला लागल्या होत्या. दोन तबकड्यांचा तो सगळा अल्बम 3,200 डॉलरमध्ये झाला आणि त्यातली जवळजवळ सगळी गाणी पहिल्याच फटक्यात टेप केलेली आहेत. पुन्हा वाजवायला ना पैसा होता, ना वेळ.

या सगळ्यात मोल्डची गिटार कशी वाजायची हे जरा जवळून बघायला हवं. एमएक्सआर कंपनीची एक छोटी पिवळी डबी होती, डिस्टॉर्शन प्लस नावाची. गिटारमधला सूर त्या डबीतून गेला की तो चिरडला जातो, फुगतो आणि लवकर विझत नाही. साध्या गिटारवर तार छेडली की सूर लगेच उतरणीला लागतो. या डबीतून गेलेला सूर मात्र टांगून ठेवल्यासारखा राहतो. मोल्ड त्यात आणखी एक गोष्ट करायचा: चाल बदलली तरी एखाद-दोन तारा मोकळ्या वाजत ठेवायचा. म्हणजे वर चाल पळतेय आणि खाली तानपुऱ्यासारखा एक सूर सतत भरून राहिलाय. तानपुऱ्याची जवारी नीट लागली की सुराभोवती एक धूसर गुंजन तयार होतं ना, तशी गत, फक्त शंभर पट मोठ्याने. हूस्कर डूचा गोंगाट म्हणजे निव्वळ आरडाओरडा नव्हता. त्या गोंगाटाला गाण्यात नेमून दिलेलं काम होतं. तो षड्ज धरून बसायचा.

दुसरी गोष्ट, या बँडमध्ये गाणी लिहिणारे दोघं होते. मोल्ड आणि हार्ट. एकाचं गाणं संपलं की दुसऱ्याचं, अशी पाळी. मोल्डची गाणी घुसमटलेली, दातओठ खाणारी. हार्टची अधिक मोकळी, जराशी हसरी, दुःखातही उघडी. दोघांत चढाओढ होती आणि तिचा फायदा गाण्यांना होत होता. 1985 च्या अखेरीस वॉर्नरसारख्या बड्या कंपनीने त्यांना घेतलं. हार्डकोर, म्हणजे आणखी वेगवान आणि आक्रमक, पंकमधून तिथवर पोचलेल्या सुरुवातीच्या बँडपैकी हा एक. पण मोठ्या घरात गेल्यावर वाटण्या अवघड होतात. 1987 च्या ‘वेअरहाऊस: साँग्ज अँड स्टोरीज’मध्ये 20 गाणी आहेत, 11 मोल्डची, 9 हार्टची. ही मोजदाद बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. पण बँड ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना कळेल की गाण्यांची अशी मोजणी सुरू झाली म्हणजे घराला तडा गेलेला असतो.

मोल्डच्या हातून शांत गाणी आधीच बाहेर पडायला लागली होती, हेही इथेच नोंदवतो. 1986 च्या ‘कँडी ॲपल ग्रे’वर ‘हार्डली गेटिंग ओव्हर इट’ हे अकूस्टिक गाणं आहे. मरणाबद्दलचं. आणि त्याआधी ‘झेन आर्केड’वर हार्टने ‘नेव्हर टॉकिंग टू यू अगेन’ हे तसंच गाणं केलं होतं. गोंगाटाशिवाय गाता येतं हे दोघांनाही माहीत होतं. त्या दोन गाण्यांकडे मी शेवटी परत येणार आहे.

मोडतोड

‘वेअरहाऊस’ आला आणि दौरा सुरू होण्याच्या तोंडावर बँडचा व्यवस्थापक डेव्हिड सॅव्हॉय याने आत्महत्या केली. फेब्रुवारी 1987. तरुण पोरगा होता. दौरा रद्द झाला नाही. व्यवस्थापकाचं कामही मोल्डने स्वतःकडे घेतलं. मोल्डने त्याआधी, 1986 मध्येच, दारू पूर्ण सोडली होती. वयाच्या पंचविशीत. तिकडे हार्ट हेरॉइनच्या विळख्यात सापडला होता. एक माणूस नुकताच शुद्धीवर आलेला, दुसरा बुडत चाललेला आणि दोघांच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. डिसेंबर 1987 मध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी त्यांचा शेवटचा प्रयोग झाला. जानेवारी 1988 मध्ये बँड संपला.

कोणाचं किती चुकलं यावर पुढे दोघांनीही तीस वर्षं आपापली बाजू सांगितली. मी त्यात पडणार नाही. या प्रकरणापुरतं एवढंच की सत्तावीस वर्षांच्या मोल्डकडे आता बँड नव्हता, जोडीदार गीतकार नव्हता, मित्र गेलेला होता आणि ज्या नशेत तो आधी जगला होता तिचाही आधार नव्हता. होते ते दोन हात आणि गिटार.

मिनिआपोलिसच्या उत्तरेला शंभरएक किलोमीटरवर पाइन सिटी नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास शेतावरच्या एका घरात तो राहायला गेला. मिनेसोटाचा हिवाळा आपल्याला नुसता वाचून कळणारा नाही. पारा शून्याखाली वीस अंशांवर जाणं तिथे रोजचं. शेजारपाजार नाही, क्लब नाहीत, शहरातली ओळखीची माणसं नाहीत. त्या घरात त्याने लिहिलं आणि वाजवलं. नव्या अल्बमचं नाव ‘वर्कबुक’ ठेवलं. शाळेत असते तशी सरावाची वही. मला हे नाव आवडतं, कारण त्यात बढाई नाही. हा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून गिरवतोय, एवढंच ते नाव सांगतं.

चेलो कशाला?

आता मुख्य मुद्दा. डिस्टॉर्शनची डबी बाजूला ठेवून अकूस्टिक गिटार घेतली की पहिल्याच मिनिटाला अडचण येते. सूर टिकत नाही. मी स्वतः ‘सनस्पॉट्स’ बसवायचा प्रयत्न केला आहे. सावकाश वाजवलं की दोन सुरांच्या मध्ये भोकं पडतात. भरभर वाजवलं तर चालीचा जीव जातो. विजेची गिटार घेऊन वाढलेल्या हाताला ही भोकं फार खटकतात, कारण इतकी वर्षं ती डबी भरून देत असते. बरेच पंकवाले अकूस्टिककडे वळल्यावर इथेच फसतात. ते त्याच जुन्या पद्धतीने, खाली-वर खाली-वर, जोरात तारा ओढत राहतात आणि गाणं म्हणजे मूळ गाण्याची उपाशी नक्कल होऊन बसते.

मोल्डने दोन गोष्टी केल्या. एक, उजव्या हाताला नवं वळण लावलं. ‘सनस्पॉट्स’मध्ये बोटं एकेक तार वेगळी उचलतात आणि मोकळ्या तारांचं ते जुनं गुंजन तिथेही आहे, फक्त आता ते मंद ऐकू येतं. त्या दोन मिनिटांत हूस्कर डूचा मोल्ड पूर्ण आहे. कान लावला की सापडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे चेलो, व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य. जेन स्कार्पान्टोनी ही वादक त्याने या अल्बमसाठी घेतली. रॉक संगीतात तंतुवाद्यं आली की बहुतेक वेळा ती साखर घालायला येतात. करुण प्रसंगी मागून हळूच वाजतात आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न करतात. ‘वर्कबुक’मधला चेलो तसा नाही. तो ओढून वाजवायचा आहे, गज फिरतोय तोवर सूर जिवंत. आणि त्याचा खर्ज माणसाच्या आवाजाच्या खालून जातो. म्हणजे डिस्टॉर्शन जे करत होतं, सूर धरून ठेवणं आणि खालची जमीन भरणं, ते काम मोल्डने चेलोवर सोपवलं. ‘सिनर्स अँड देअर रिपेंटन्सेस’ ऐका. गाणारा अगदी जवळ बसून बोलल्यासारखा गातो आणि चेलो त्याच्या पायाखाली सतत चालू आहे. तो चेलो काढला तर गाणं कोसळेल. सजावट काढल्यावर घर कोसळत नसतं, खांब काढला तर कोसळतं.

‘सी अ लिट्ल लाइट’मध्ये हाच चेलो पार वेगळ्या कामाला लावला आहे. तिथे तो चालीत भाग घेतो, उड्या मारतो. हे अल्बममधलं सर्वात उजळ गाणं. साडेतीन मिनिटांचं, एकदा ऐकलं की दिवसभर ओठांवर राहणारं. मलोनमधल्या त्या जुकबॉक्सच्या तबकड्या इथे उघडउघड बाहेर आल्या आहेत. पण शब्दांकडे लक्ष दिलं की कळतं, हे नातं संपत आल्याचं गाणं आहे. मी जावं असं वाटत असेल तर तसं स्पष्ट सांग, असं गाणारा समोरच्याला विनवतो. चाल सांगते की सकाळ झाली, शब्द सांगतात की सामान बांधायची वेळ झाली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे ज्याने निरोप घेतलाय त्याला सांगावं लागत नाही.

ताल धरायला त्याने अँटन फिअर आणि टोनी मायमोन यांना बोलावलं. फिअर ड्रमवर, मायमोन बासवर. मायमोन पेरे उबूमधला; फिअरनेही त्या बँडबरोबर वाजवलं होतं आणि पुढे स्वतःचा गोल्डन पॅलोमिनोज हा चमू उभा केला होता. दोघंही अनुभवी. हार्टचं वादन घाईचं, हलकं, पुढे झुकलेलं असायचं. गाणारा माणूसच ड्रम वाजवत असल्यामुळे त्यात एक धावपळ होती. फिअर उलटा. तो प्रत्येक ठोका जागेवर, वजनाने ठेवतो आणि वाट बघतो. ‘विशिंग वेल’मध्ये अकूस्टिक गिटारने सुरुवात होते आणि मग फिअर येतो. गाण्याला एकदम जमीन मिळते. मोल्डने जुन्या ड्रमरची नक्कल करणारा माणूस शोधला नाही, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात शहाणपणाचं पाऊल वाटतं. घर सोडलेल्या माणसाची खुर्ची तशीच ठेवून दुसऱ्याला तिच्यावर बसवलं की दोघांवर अन्याय होतो.

टेपिंग झालं पेस्ली पार्कमध्ये. पॉपस्टार प्रिन्सने मिनिआपोलिसजवळ चॅनहॅसन इथे बांधलेला, त्या वेळी जेमतेम वर्ष-दीड वर्षाचा जुना असलेला भव्य स्टुडिओ. पैसा व्हर्जिन अमेरिका कंपनीचा. 3,200 डॉलरमध्ये दोन तबकड्या करणारा माणूस तिथे पोचला होता. पण निर्माता बाहेरून आणला नाही. अल्बमची निर्मिती मोल्डने स्वतःच केली. हूस्कर डूनेही 1985 च्या ‘फ्लिप युअर विग’पासून आपले अल्बम आपणच निर्माण केले होते आणि त्याआधी स्वतःची रिफ्लेक्स नावाची छोटी रेकॉर्ड कंपनीही चालवली होती. माझ्या मते ‘वर्कबुक’मध्ये पंक कुठे आहे असं कुणी विचारलं तर बोट इथे ठेवायला हवं. आपलं काम आपल्या हाताने, आपल्या जबाबदारीवर, कुणाच्या परवानगीशिवाय. वेग आणि आवाज हे त्या वृत्तीचे कपडे होते, ते बदलले.

अकरा गाणी, एकच आवाज

अल्बममध्ये एकूण अकरा तुकडे आहेत आणि सगळेच सारख्या तोलाचे नाहीत. ‘हार्टब्रेक अ स्ट्रेंजर’ आणि ‘पॉयझन इयर्स’ जबरदस्त. ‘पॉयझन इयर्स’ हे हूस्कर डूच्या शेवटच्या काळाबद्दल आहे असं बहुतेक ऐकणारे मानतात आणि त्यातला कडवटपणा बघता ते वावगं वाटत नाही. इथे विजेची गिटार परत येते, पण आता ती सगळी जागा व्यापत नाही. एका कोपऱ्यातून येते, बोलते, निघून जाते.

‘ब्राझिलिया क्रॉस्ड विथ ट्रेंटन’ हे नाव मला फार काळ छळत होतं. ब्राझिलिया म्हणजे ओसाड माळावर नकाशा काढून उभारलेली ब्राझीलची नवी राजधानी. ट्रेंटन म्हणजे न्यू जर्सीची जुनी, कारखानदारी उतरणीला लागलेली राजधानी. दोन शहरांचा संकर. आखलेलं स्वप्न आणि गंजलेलं वास्तव. सहा मिनिटांहून मोठं, एखाद्या लांबच्या प्रवासासारखं गाणं आहे ते, आणि ज्याने आठ वर्षं व्हॅनमध्ये बसून अमेरिका पालथी घातली त्यालाच सुचावं असं.

आता दोष. ‘वर्कबुक’ मध्यावर जड होतो. ‘कॉम्पोझिशन्स फॉर द यंग अँड ओल्ड’ आणि ‘लोनली आफ्टरनून’ वाईट गाणी नाहीत, पण तिथवर येईपर्यंत एकाच माणसाचं मन, एकाच उंचीवरून, सलग अर्धा तास ऐकलेलं असतं. हूस्कर डूच्या अल्बममध्ये अशा वेळी हार्टचं गाणं यायचं. खिडकी उघडल्यासारखं. इथे खिडकी उघडणारं कुणी नाही. डिस्टॉर्शनची जागा चेलोने भरली, हार्टच्या ड्रमची जागा फिअरने आपल्या पद्धतीने भरली. हार्टच्या गाण्यांची जागा मात्र कुणीच भरली नाही, आणि ती भरता येणारी नव्हती. मोल्डनेही ती भरण्याचं नाटक केलं नाही. ती पोकळी अल्बममध्ये तशीच ऐकू येते. मी याला दोष म्हणतो आणि तरी मला तो काढून टाकावासा वाटत नाही.

शेवटचं गाणं ‘व्हिचेव्हर वे द विंड ब्लोज’. चाळीसेक मिनिटं जपून वागलेला माणूस इथे बांध फोडतो. विजेची गिटार करकचून वाजते, आवाज फाटतो, ओरडा येतो. म्हणजे गोंगाट संपला नव्हता. तो बाहेर ओसरीवर थांबून होता. पहिल्या तुकड्याची ती शांत बोटं आणि हा शेवट, दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे अल्बम अशा रीतीने स्वतःच कबूल करतो.

हाती काय लागलं

आकडे सांगायचे तर ‘सी अ लिट्ल लाइट’ बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या मॉडर्न रॉक यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. ही यादी तेव्हा नवीनच, 1988 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेली. अल्बम स्वतः बिलबोर्डच्या मुख्य यादीत 127 व्या क्रमांकावर थांबला. तुलनेला, हूस्कर डूचा ‘कँडी ॲपल ग्रे’ 140 व्या आणि ‘वेअरहाऊस’ 117 व्या क्रमांकापर्यंत गेले होते. म्हणजे बाजाराच्या हिशेबात फारसं काही बदललं नाही. बँड गेला म्हणून ऐकणारे गेले नाहीत, आणि रेडिओवर एक गाणं वाजलं म्हणून नवे लोंढेही आले नाहीत. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, बँड गमावलेल्या माणसाला स्वतःच्या नावावर उभं राहता येतं एवढं त्या आकड्यांनी सिद्ध केलं, आणि त्या घडीला त्याला तेवढंच हवं होतं.

दौऱ्यावर गोष्ट आणखी रंगली. फिअर आणि मायमोन होतेच, दुसऱ्या गिटारवर क्रिस स्टेमी आला. 14 मे 1989 चा शिकागोच्या कॅबरे मेट्रोमधला प्रयोग टेप झालेला आहे. 2014 मध्ये अल्बमला पंचवीस वर्षं झाली तेव्हाच्या नव्या आवृत्तीत तो जोडला गेला. तो ऐकून मी चकित झालो. चेलो नाही, आणि गोंगाट पूर्ण ताकदीने परत. अल्बमवर आवरून धरलेली गाणी रंगमंचावर दुप्पट आकाराची झाली आहेत आणि तरीही ती मोडत नाहीत. घट्ट बांधणीच्या चालीचा हाच तर कस. कुजबुजून गा नाहीतर किंचाळून गा, ती उभी राहते.

त्या दौऱ्याचा परिणाम पुढच्या अल्बमवर झाला. 1990 चा ‘ब्लॅक शीट्स ऑफ रेन’ मोल्ड, फिअर आणि मायमोन या त्याच तिघांचा, पण प्रचंड मोठ्या आवाजाचा आणि काळवंडलेला. मला तो ‘वर्कबुक’च्या जवळपासचाही वाटत नाही. गोंगाटाला काम नेमून दिलेलं नाही, तो नुसता पसरलाय. व्हर्जिनशी संबंध संपले. मोल्ड पुन्हा एकटा, बारा तारांची अकूस्टिक गिटार घेऊन गावोगाव फिरला. बारा तारांत प्रत्येक सुराला जोडीची तार असते. त्यामुळे एकटी गिटारही भरलेली वाजते. इथेही तोच जुना प्रश्न आणि त्याचं आणखी एक उत्तर. त्या फिरतीत रचलेल्या गाण्यांवर शुगर हा नवा त्रिकूट बँड उभा राहिला आणि 1992 चा त्यांचा ‘कॉपर ब्लू’ ब्रिटनच्या एनएमई साप्ताहिकाने त्या वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवला. त्यात गोंगाट आहे आणि ‘वर्कबुक’मध्ये कमावलेली मोकळी हवाही आहे. 2011 मध्ये मोल्डने आत्मचरित्र लिहिलं तेव्हा त्याला नाव दिलं ‘सी अ लिट्ल लाइट’.

आणि हार्ट

या प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती सोडून दिली तर हिशेब अर्धवट राहील. ग्रँट हार्टही त्याच सुमाराला एकटा बाहेर पडला. 1988 मध्ये त्याने ‘2541’ ही छोटी तबकडी काढली. 2541 हा मिनिआपोलिसच्या निकोलेट ॲव्हेन्यूवरच्या त्या जागेचा नंबर, जिथे हूस्कर डूचं ऑफिस होतं. एकत्र राहायला आलेल्या आणि मग घर सोडणाऱ्या माणसांचं ते गाणं आहे. बँडच्या मोडण्यावर मोल्डने ‘पॉयझन इयर्स’ लिहिलं असेल तर हार्टने ‘2541’ लिहिलं. एक गाणं विष आठवतं, दुसरं पत्ता आठवतं. 1989 च्या अखेरीस हार्टचा ‘इन्टॉलरन्स’ आला. त्यातली बहुतेक सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली. त्याच्याकडे पेस्ली पार्क नव्हतं, फिअर नव्हता. पैसा कमी, तब्येत ढासळलेली. तरी त्या अल्बममध्ये जो मोकळेपणा आहे तो ‘वर्कबुक’मध्ये नाही. मी हे दोन्ही अल्बम आलटून-पालटून लावतो, एक गाणं याचं, एक त्याचं, जुन्या पाळीप्रमाणे. तेव्हा कळतं दोघांनी एकमेकांच्या हवाली काय काय केलं होतं.

पुढे वर्षानुवर्षं दोघं एका मंचावर आले नाहीत. ऑक्टोबर 2004 मध्ये मिनिआपोलिसमध्येच सोल असायलम बँडचा बासवादक कार्ल म्युलर याच्या मदतीसाठी एक कार्यक्रम झाला. म्युलरला कर्करोग झाला होता. त्या रात्री मोल्डच्या जोडीला हार्ट मंचावर आला. हूस्कर डूचं अख्खं भांडार समोर असताना दोघांनी निवडली ती दोनच गाणी. ‘हार्डली गेटिंग ओव्हर इट’ आणि ‘नेव्हर टॉकिंग टू यू अगेन’. एक मोल्डचं, एक हार्टचं. दोन्ही शांत. 2017 मध्ये हार्ट गेला.